मांजरीचा कान

“दाबा,” कानसेन म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी उजवा कान काउंटरकडे झुकवला.

दुकानदारानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. कानसेनांनी तो आवाज चहाच्या पहिल्या घोटासारखा क्षणभर घोळवला, मान डोलावली आणि बोटानंच दुसऱ्या कॅमेऱ्याकडे खूण केली. तोही वाजला. मग पुन्हा पहिला. शेजारी उभी असलेली त्यांची लेक श्वास रोखून बघत होती. काउंटरच्या टोकाला, लेन्सच्या रिकाम्या खोक्यात अंगाची जुडी करून झोपलेली तांबडी मांजर मात्र कुणाच्याच अध्यातमध्यात नव्हती.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडिओच्या ध्वनिमुद्रण विभागात त्यांची उभी हयात गेली. तिथे कुणीतरी थट्टेनं हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की त्यांचं कागदोपत्री नाव घेऊन कुणी भेटायला आलं तर दारावरचा माणूस “असं इथे कुणी नाही” म्हणून त्याला परत पाठवायचा. नाव त्यांना आवडायचं आणि ते लपवायचेही नाहीत. वादकाच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक त्यांनी काचेच्या अलीकडून पकडली होती. एकदा मुद्रण उत्तम झालं म्हणून सगळे जेवायला उठले, तर यांनी त्यांना पुन्हा खाली बसवलं, कारण वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ नीट बंद केला नव्हता. नव्यानं आलेली मंडळी अशा वेळी आवाज मोजणाऱ्या सुईकडे बोट दाखवत, की साहेब, सुई तर हललेली नाही. त्यावर कानसेनांचं उत्तर ठरलेलं असायचं, “सुईला काय विचारता, कानाला विचारा.” ते निवृत्त झाले तरी हे वाक्य विभागात नोकरीवर राहिलं होतं.

लेकीचं सूत मात्र डोळ्यांशी जमलं. ती फोटो काढायची आणि त्यातही माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा हातांचे. शिंप्याचे, टंकलेखिकेचे, भट्टीतून पाव काढणाऱ्याचे. हे फोटो घेऊन ती एक दिवस त्या चेलोवादक बाईंकडे जाऊन धडकली. बाईंच्या चौघांच्या वाद्यवृंदाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाईंच्या नाकावर माशी बसत नाही हेही. मुद्रण चालू असताना त्यांनी आजवर कुणालाही खोलीत उभं केलं नव्हतं. मोठमोठे लोक हात हलवत परत गेले होते. बाईंनी फोटो चाळले, भट्टीवाल्याच्या हातापाशी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, ये. पण एक जरी आवाज झाला तर दार तिकडे आहे, आणि ते पुन्हा उघडणार नाही.

आपण कुणाची मुलगी आहोत हे तिनं बाईंना सांगितलंच नव्हतं. ज्या स्टुडिओत हे मुद्रण व्हायचं होतं तो कानसेनांचाच जुना स्टुडिओ, बाईंना पहिल्यांदा माइकसमोर बसवलं तेही कानसेनांनीच. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. पोरीनं टाकला नाही. ही गोष्ट कानसेनांना कळली तेव्हा ते तिच्यावर वरवर रागावले आणि मग पेपरवाला, औषधवाला आणि दाताचा डॉक्टर अशा तिघांना त्यांनी ती रंगवून सांगितली. डॉक्टरांना तर तोंडात अवजार असताना.

अडचण एकच होती. तिच्याजवळचा कॅमेरा आरशाचा. बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो आणि थाडकन आवाज होतो. लग्नकार्यात तो कुणाला ऐकू येत नाही, पण चेलोच्या हळुवार सुरात तो दार आपटल्यासारखा वाजला असता. म्हणून तिला रेंजफाइंडर हवा होता. त्यात आरसाच नसतो, बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. तसले स्वस्तातले कॅमेरे पुष्कळ मिळतात, पण त्यांची लेन्स निघत नाही. एकाच लेन्सवर जन्म काढायचा. हिला चौघं एका चौकटीत मावतील अशी आखूड लेन्स हवी होती आणि लांबून नुसती बोटं टिपणारी दुसरीही. लेन्स बदलता येणारा, बिनआवाजाचा आणि आपल्या खिशाला झेपणारा. तिन्ही अटींत बसणारा कॅमेरा शोधणं म्हणजे स्थळ शोधण्यातलाच प्रकार होता.

“आवाज तुम्ही ऐका, बाबा,” ती म्हणाली होती. “डोळ्यांचं मी बघते.”

त्या सकाळी कानसेनांनी इस्त्रीचा शर्ट घातला. निघताना दारात मायलेकींची काहीतरी कुजबुज झाली. बायको काही सांगत होती आणि लेक मान हलवून नाही म्हणत होती. छत्रीचं असेल, असं त्यांना वाटलं.

दुकान जुन्या कॅमेऱ्यांचं होतं. अरुंद, लांबट, भिंतभर काचेची कपाटं आणि त्यातून शेकडो लेन्स बघणाऱ्यालाच बघत असलेल्या. दुकानदार बोलका. त्यानं आधी सगळ्यात वरच्या कपाटातून एक कॅमेरा काढून लेकीच्या हातात दिला. ज्याचं नाव घेतलं तरी फोटोवाले कानाची पाळी पकडतात असा तो कॅमेरा होता. लेकीनं तो डोळ्याला लावला, एकदा दाबला, आणि कुणाचं तरी तान्हं बाळ परत द्यावं तसा दोन्ही हातांनी परत दिला.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत,” ती म्हणाली. “आमच्या अंथरुणातलं दाखवा.”

अंथरुणातले दोन निघाले. एक म्हातारा. चंदेरी, कडा झिजून आतलं पितळ दिसू लागलेलं, लेन्स आट्यांवर पिळून बसवायची, फिल्म पुढे न्यायची चकतीही बोटांनी पिळायची. बटण दाबलं की उघडमीट होणारा आतला पडदा कापडाचा. खिडकी मात्र अंधुक आणि पिवळट, आणि उजेड मोजायची काही सोय नाही. त्याला दुकानदार ‘आजोबा’ म्हणत होता. दुसरा काळा, तरुण, खिडकी लख्ख, उजेड मोजायला आत लुकलुकणारे दिवे, आणि पडदा पत्र्याच्या पातळ पात्यांचा. दोघांचंही मोल जवळपास सारखं. लेकीचा जीव काळ्यावर बसला होता हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती एकदा आजोबांमधून बघायची, मग काळ्यामधून, आणि काळ्यामधून बघताना तिचे खांदे सैल पडायचे.

“एक मात्र लक्षात ठेवा,” दुकानदारानं आजोबांच्या लेन्सवरचं झाकण काढून दाखवलं. “या जातीची एक खोड आहे. झाकण तसंच राहिलं, तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसत राहतं. भलेभले फसतात. अख्खा रोल काळा निघतो.”

कानसेनांना गंमत वाटली.

“म्हणजे झाकण लागलंय हे ज्याचं त्याला कळतच नाही?”

“दुसऱ्यानं सांगेपर्यंत नाही.”

मग दुकानदारानं मांजरीची ओळख करून दिली. तिला तो ‘मॅनेजरीणबाई’ म्हणायचा, कारण दिवसभर बसून असते, काही करत नाही आणि तिच्यावाचून दुकान चालत नाही. कानसेनांनीही मग घरची गोष्ट काढली. आमच्या खिडकीत चिमण्या यायच्या, पहाटे नुसता गलका. हल्ली येईनाशा झाल्यात. बायको अजून रोज दाणे टाकते, भाबडी आहे. हे ऐकताना लेक आजोबांची चकती उगीचच मागेपुढे करत राहिली.

आणि आता चाचणी चालली होती. कानसेनांनी डोळे उघडले. निकाल द्यायची त्यांची जुनी पद्धत होती. आधी चष्मा पुसायचा, मग बोलायचं. त्यांनी चष्मा पुसला.

“काळा,” ते म्हणाले. “याला आवाजच नाही. नुसती फुंकर आहे. आजोबा धप्पकन बसतात. पोतं टाकल्यासारखे.”

दुकानदाराचं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटून घेतलं, कारण लेकीचा हात काउंटरवरून किंचित उचलला गेला होता. कानसेनांना वाटलं, निर्णयाचा दरारा आहे. स्टुडिओतही असाच असायचा.

“माझं लक्ष नव्हतं, बाबा,” लेक म्हणाली. “पुन्हा एकदा ऐकू या का?”

पुन्हा झालं. आधी आजोबा, मग काळा. कानसेनांनी या वेळी डोळेसुद्धा मिटले नाहीत, इतकी खात्री होती. काळा, म्हणजे काळाच. हातच्या काकणाला आरसा कशाला?

लेक दोन्ही कॅमेऱ्यांकडे बघत होती. लहानपणापासून काही गिळायचं असलं की ती अंगठ्यानं तर्जनीचं नख घासायची. शाळेत पहिला नंबर हुकला तेव्हा, आजी गेली तेव्हा. आताही ती नख घासत होती, आणि कानसेनांना कळेना की तिला हवा तोच कॅमेरा मिळत असताना ही पोर गिळतेय काय.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “बाबा म्हणतात तर काळाच घेऊ या.”

दुकानदारानं तिच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि काळ्याचा पट्टा शोधायला तो त्यांच्या पाठीमागच्या कपाटाकडे गेला. कॅमेरा त्यानं बरोबर नेला. तेवढ्या वेळात लेकीनं आजोबा वडिलांच्या हातात दिले. म्हणाली, खिडकीतून बघा तर खरं, मधोमध एक पिवळा चौकोन आहे, त्यात सगळं दोन-दोन दिसेल. लेन्सची कडी फिरवायची आणि दोनाचं एक करायचं. एक झालं की नेम बसला.

कानसेनांनी नेम धरायला जवळचीच वस्तू निवडली. पिवळ्या चौकोनात दोन मांजरी झोपल्या होत्या, एकमेकींना खेटून. त्यांनी कडी फिरवली. मांजरी जवळ सरकल्या, पाठी जुळल्या, शेवटी दोन कान उरले, एकावर एक न बसलेले. त्यांनी अगदी केसभर फिरवलं. कान एक झाला. कडेचे बारीक केससुद्धा दिसू लागले. हे जमलं म्हणून ते स्वतःवरच खूश झाले.

त्याच वेळी पाठीमागे दुकानदारानं पट्टा लावता लावता काळ्याचं बटण दाबून बघितलं. कानसेनांना नुसती एक फुंकर ऐकू आली. पण पिवळ्या चौकोनातला कान ताडकन उभा राहिला.

मांजरीनं डोळे उघडले नाहीत. कान मागे वळला, थरथरला आणि हळूहळू खाली बसला.

“परत दाबा,” कानसेन खिडकीतून डोळा न काढता म्हणाले.

फुंकर आली. कान उडाला.

मग त्यांनी स्वतःच्या हातातल्या आजोबांची चकती पिळली आणि बटण दाबलं. धप्प. पोतं टाकल्यासारखं, अगदी स्पष्ट. कान जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा पिळून पुन्हा दाबलं. मॅनेजरीणबाई ढाराढूर झोपल्या होत्या.

हा माणूस आयुष्यभर एका सुईसमोर बसला होता. सुई हलताना दिसली म्हणजे हलली, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि आवाजाचं शास्त्रही त्याच्या बोटांवर होतं. वय झालं की कानातून आधी वरचे आवाज जातात, बारीक, टोकदार, पत्र्याचे. जाडे आवाज राहतात. हे त्यानंच तर नव्या मुलांना फळ्यावर रेघ काढून समजावलं होतं, वरची बाजू अशी घसरत जाते म्हणून. काळ्याचा पत्रा वाजत होता तो वरच्या बाजूला, आणि तिथे त्याच्यासाठी आता काहीच उरलं नव्हतं. कापडाचा जाडा आवाज तेवढा पोचत होता, म्हणून तोच मोठा वाटत होता. किटलीची शिट्टी होत नाही म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात किटली बदलून आणली होती. नवीही वाजत नव्हती. बायको हल्ली ओरडून का बोलते, म्हणून ते तिच्यावर खेकसायचे. आणि चिमण्या.

कानसेनांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. कॅमेऱ्यामागे तोंड अर्धं झाकलेलं होतं, ते तसंच राहू द्यावंसं त्यांना वाटलं. लेक शेजारी उभी होती. तिला ऐकू येत होतं. पहिल्यांदाही आलं होतं, दुसऱ्यांदाही. बाईंचं दार पुन्हा उघडणार नाही हेही तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली होती, बाबा म्हणतात तर काळाच. इतक्या मोठ्या कामावर ती पाणी सोडायला निघाली होती, ते बापाच्या शब्दाला चारचौघांत धक्का नको म्हणून. त्यांना लाज वाटली, पण थोडीच. बाकी सगळा अभिमान होता.

त्यांनी आजोबा काउंटरवर ठेवले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“चुकलो,” ते म्हणाले. “हा घ्यायचा. आजोबा.”

लेकीनं चमकून बघितलं. हा शब्द या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता. तिच्या आईनंही नसावा.

“पण मघाशी तुम्ही...”

“मघाशी चुकलो म्हटलं ना. काळा वाजतो. मॅनेजरीणबाईंना विचार.”

दुकानदारानं मांजरीकडे बघितलं, मग कानसेनांकडे. पट्टा त्यानं काळ्यावरून सोडवला आणि आजोबांना लावायला घेतला.

“अंधुक दिसेल गं तुला यातून,” कानसेन म्हणाले. “उजेडही मनानंच मोजावा लागेल.”

“डोळे माझे आहेत, बाबा,” ती म्हणाली. नख घासायचं थांबलं होतं.

दोन लेन्स निघाल्या, एक आखूड आणि एक लांब. दोन्हींचे आटे तिनं स्वतः पिळून पाहिले. आखूड लेन्सच्या काचेत एक बारीकसा बुडबुडा होता. दुकानदार म्हणाला त्यानं फोटोला काही होत नाही, आणि लेक म्हणाली की तिला ठाऊक आहे. बाहेर पडताना कानसेनांनी मॅनेजरीणबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. मांजरीनं एक डोळा उघडला आणि मिटला.

रस्त्यानं लेक त्यांच्या उजव्या हाताला चालत होती. आता आठवू गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गेलं वर्षभर ती नेहमी उजव्याच हाताला चालते, आणि वाक्य सुरू करण्याआधी त्यांच्या कोपराला हळूच हात लावते. मायलेकींची ही अळीमिळी गुपचिळी केव्हापासून चालली होती कोण जाणे.

“चिमण्या येतात का गं?” वळणापाशी त्यांनी विचारलं.

“रोज येतात, बाबा.”

“गलका करतात?”

“कान किटतात अगदी.”

कानसेन हसले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं हसू फुटलं, आणि लेकही हसायला लागली. येणारीजाणारी माणसं वळून बघत होती. हसण्याच्या शेवटी तिनं डोळे पुसले. त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं. एवढं नाटक त्यांनाही जमत होतं.

“मग तूच का नाही बोललीस दुकानात?” त्यांनी विचारलं.

कोपराला हात लावून ती म्हणाली, “मी हातांचे फोटो काढते, बाबा, आणि ते नीट का येतात ठाऊक आहे? समोरच्याला बघत राहायचं. त्याच्या कामात हात घालायचा नाही. हे मी कुणाकडून शिकले?”

त्यांनी तिच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

मुद्रणाच्या दिवशी ते स्टुडिओत गेले. लेकीनंच आग्रह केला होता. आता त्यांच्या जागेवर जो होता त्याला सगळे अजूनही ‘धाकटा’ म्हणत, जरी त्याला टक्कल पडून बरीच वर्षं झाली होती. साहेब दिसताच धाकटा खुर्चीवरून उठला. कानसेनांनी त्याला खांद्याला धरून परत बसवलं आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले. हेडफोन पुढे केला तर तोही घेतला नाही. स्टूल मात्र त्यांनी असं सरकवलं की सुई समोर यावी. सुईवरच्या काचेला एक जुना चरा होता. तो त्यांच्याच वेळचा.

काचेपलीकडे चौघं बसले होते. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि मधे बाई, चेलो गुडघ्यांत धरून. लेक भिंतीकडेला उभी होती. पायात नुसते मोजे, हातातल्या बांगड्या आणि कानातलं घरीच ठेवलेलं, आजोबा छातीशी. तिनं लेन्सपुढून एकदा बोट फिरवून झाकण निघालंय याची खात्री करून घेतली. बाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लाल दिवा लागला. वादन सुरू झालं आणि सुई उठली. चौघं मिळून वाजवत होते तेव्हा ती मधल्या आकड्यांभोवती नाचत होती. मग एकेक वाद्य गळत गेलं. दुसरं व्हायोलिन थांबलं, पहिलं थांबलं, व्हायोलानं एक लांब सूर ओढून सोडून दिला. चेलो एकटा उरला आणि तोही हळू होत गेला. कानसेनांना तो नीट ऐकू येत होता. जाडे सूर त्यांचे अजून त्यांच्याजवळच होते. शेवटी बाईंनी गज तारेवरून उचलला आणि हवेतच धरून ठेवला. रचनेतली ती शांतता होती. लिहिलेली, मोजलेली, आणि तिच्यानंतर पुन्हा सूर यायचा होता. बाईंचा हात वर होता, बोटं गजाभोवती अशी काही होती की त्यांच्याकडेच बघत राहावं.

कानसेनांनी लेकीकडे बघितलं. तिनं आजोबा डोळ्याला लावले होते. डावा हात कडी फिरवत होता, केसभर, अगदी केसभर. आत्ता नको, असं ते मनात म्हणाले. सुरांच्या आडोशाला दाब, इथे लपायला जागा नाही. पण बाईंचा हात आत्ताच वर होता. तिचं बोट खाली गेलं.

त्यांनी नजर सुईवर आणली. सुई तळाशी पडून होती. मॅनेजरीणबाईंसारखी, स्वस्थ. हलली नाही.

गज तारेवर उतरला, सूर आला, सुई उठली. लेकीनं अंगठा आणि बोटानं चकती अगदी सावकाश पिळली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर नसतं तसं. कानसेनांनी तो चेहरा डोळे भरून बघितला. दाताच्या डॉक्टरांना आता काय काय सांगायचं याची त्यांच्या मनात जुळवाजुळव सुरू झाली होती, पण शब्द पुरे पडतील असं दिसेना.

तुकडा संपला. लाल दिवा विझला. बाईंनी चेलो बाजूला टेकवला आणि मागे न बघताच माइकमध्ये विचारलं, “ती मुलगी गेली का मधेच?”

लेक त्यांच्या पाठीमागेच उभी होती. व्हायोलावाल्यानं हसून तिच्याकडे बोट केलं. बाई वळल्या, तिच्याकडे बघितलं, तिच्या मोज्यांकडे बघितलं आणि पाण्याचा पेला उचलत म्हणाल्या, “उद्या सकाळी लवकर ये.”

धाकट्यानं हेडफोन काढून मानेवर टाकला. त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. चेलो थांबला होता तिथे तिनं खरंच दाबलं का, असं त्यानं विचारलं. त्याला बोट खाली गेलेलं दिसलं होतं, आवाज मात्र आला नव्हता. मग शंका नको म्हणून त्यानं जाणत्या माणसाकडे तोंड वळवलं.

“साहेब, तुम्हाला काही ऐकू आलं?”

कानसेनांनी चष्मा काढला आणि सावकाश पुसला.

“मला काय विचारतोस,” ते म्हणाले. “सुईला विचार.”

धाकटा त्यांच्याकडे बघतच राहिला. कानसेनांचं लक्ष नव्हतं. ते काचेपलीकडे बघत होते, जिथे त्यांची लेक आखूड लेन्स उतरवून लांब लेन्स पिळून बसवत होती.